खिडकीतली टोपली

कॉलेजात असतानाची गोष्ट. एटापल्लीहून चंद्रपूरच्या एसटीत एक बाई उभी होती अन् तिच्या खिडकीच्या सीटवर जांभळांची टोपली बसली होती.

"बाई, तुम्ही बसा ना," मी म्हटलं.

"मी थोडीच सडून राह्यली! वारा जांभळांले पाह्यजे."

मधूनमधून ती ओला फडका उचलून पळसाच्या पानानं जांभळांना वारा घालायची. एवढी बडदास्त मी नवरदेवाचीही पाह्यली नाई.

आष्टीला गाडी थांबली. ड्रायव्हर चहाला बसला, कंडक्टर झाडामागं गेला. गाडी तव्यासारखी तापली. टोपलीतून आंबूस वास आला तसा बाईचा चेहरा उतरला.

"आता बाजारात कोण घेईन, बाबू?"

मी कंडक्टरच्या गेंगाण्या आवाजात ओरडलो, "चला ड्रायव्हरभाऊ, टाइम झाला!"

ड्रायव्हर चहा टाकून धावत आला. मागून पँट सावरत कंडक्टर आला. "माह्या आवाजात कोण ओरडला बे?"

मी तोंड उघडणार, तोच बाईनं मूठभर जांभळं माझ्या तोंडात कोंबली.

"याले नका विचारू भाऊ. हा तं मघापासून खाऊनच राह्यला."

गाडी सुटली. खिडकीतून वारा आला तशी ती माझ्या कानाशी वाकली.

"गोंडपिपरीच्या स्टँडवर बी असाच ओरडजो."