नाकाडीचं पासिंग

आमच्याकडे नवीन पाहुणा आला की चहाच्या आधीच त्याला सांगून ठेवतात, "काकूच्या नाकावर राग असतो, मनावर घेऊ नका." म्हणजे मग ती आतून ओरडली तरी पाहुण्याच्या हातातला कप पडत नाही. काका म्हणतात, "काचेच्या धंद्यात एकाने तापट असावं, एकाने थंड. दोघं थंड असलो तर माल वेळेवर पोचायचा नाही. दोघं तापट असलो तर माल उरायचाच नाही."

काका काच कापतात, काकू पोचवते. मी त्यांची पुतणी. दुकानातला फोन घेते, मापं लिहून ठेवते. काच जाते ती नाकाडीतून. नाकाडी म्हणजे काकूच्या वडिलांचा ट्रक. हल्लीचे ट्रक सपाट तोंडाचे असतात. हिचं गोल बॉनेट मात्र लांब नाकासारखं पुढे आलेलं. वडील गेल्यावर भाऊ तिला भंगारात काढायला निघाले होते. काकूने भर बैठकीतून चावी उचलली आणि गाडी चालवत घरी आणली. मागच्या हौद्यात जाड लोकरी नमदा लावलेली तिरकी चौकट आहे, तिला टेकून काचा उभ्या राहतात. माणसांवर सतत डाफरणारी ही बाई गिअर मात्र असा टाकते की मागच्या काचेला पत्ताही लागत नाही.

मग नियम आला. इतक्या जुन्या गाड्यांचं पासिंग आता गाडी खड्ड्यावर उभी करून, खालून नीट तपासून होणार. तोवर कुणीतरी गाडीभोवती एक चक्कर मारायचा आणि शिक्का मिळायचा. काकू म्हणाली, "तपासू दे की. नाकाडीत काय खोट आहे?"

तपासणीचं ऑफिस म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. जमीन तेलाने काळी पडलेली, मधोमध खड्डा. एका टोकाला खिडकी, तिच्या काचेला अर्धगोल भोक, आणि ते इतकं खाली की बोलायचं तर प्रत्येकाला कंबरेतून वाकावं लागे. काकूला पहिला राग आला तो त्या भोकाचा. "माणूस उभा असताना त्याच्याशी बोलायला यांची जीभ झिजते का?"

तपासणारा साहेब बारीक अंगाचा होता. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात छोटी हातोडी. रांगेतले ड्रायव्हर त्याला मागून 'किसणी' म्हणत, कारण तो प्रत्येक गोष्टीचा कीस काढायचा. त्याने नाकाडीच्या प्रत्येक नटावर हातोडी वाजवली. आरसा लहान आहे म्हणाला. चाकामागचं रबर आखूड आहे म्हणाला. नंबराची अक्षरं वळणदार आहेत, सरळ हवीत म्हणाला. शेवटी केबिनमध्ये डोकावून म्हणाला, "सीटबेल्ट नाही."

"ही गाडी बनली तेव्हा सीटबेल्ट नव्हताच," काकू म्हणाली.

"आता आहे."

"आता विमानंही आहेत. पंख लावून आणू का?"

रांगेत हशा पिकला. किसणी हसला नाही. त्याने लिहिलं, नापास.

काकूने घरी येईपर्यंत शिव्या दिल्या, पण कामं सगळी करून घेतली. नवे आरसे आले, रबर आलं. पेंटर अक्षरं सरळ करता करता रडकुंडीला आला, कारण ती मागे उभी राहून पट्टीने मोजत होती. वेल्डरने पट्ट्यासाठी केबिनमध्ये लोखंडी कडी बसवली. या सगळ्यात आठवडे गेले. तोवर आम्ही भाड्याचा ट्रक घेतला, आणि त्या ड्रायव्हरने पहिल्याच फेरीत शाळेच्या खिडक्यांच्या काचा फोडून आणल्या. काका तुकडे वेचत बसले. काकू त्या ड्रायव्हरला जे बोलली ते मी लिहीत नाही.

दुसऱ्या खेपेला मी तिच्यासोबत गेले. किसणीने आरसे पाहिले, पट्टा ओढून पाहिला, मान हलवली. मग मागे जाऊन म्हणाला, "ही चौकट हौद्याच्या बाहेर वीतभर आलीय. चालणार नाही."

काकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मागच्या वेळी तुमचे डोळे घरी राहिले होते का?"

"मागच्या वेळी तुम्ही चौकट काढून गाडी आणली होती."

ते खरं होतं. खऱ्या गोष्टीने काकू जास्त भडकते. ती बोलत सुटली. सरकारपासून खिडकीच्या भोकापर्यंत तिने कुणालाच सोडलं नाही. किसणी खड्ड्यातून वर येत काहीतरी सांगत होता, "स्टिअरिंगच्या दांड्याचा जोड... त्यात मला खेळ वाटतोय..."

"खेळ तुम्ही लावलाय!" काकू म्हणाली. "जुन्या गाडीचं स्टिअरिंग थोडं सैल असतंच. आयुष्य गेलं माझं त्या सीटवर. मला शिकवू नका!"

पुन्हा नापास. परतीच्या वाटेवर तिने एकदाच तोंड उघडलं. "त्या माणसाला घरी जेवताना डाळीतले दाणेही मोजून लागत असतील."

चौकट कापायची तर मोठ्या काचा मावत नाहीत, न कापावी तर पासिंग नाही. काकांनी शांतपणे कागदावर नवी घडीची चौकट आखली. सुतार कामाला लागला. त्याला खालून जागा हवी म्हणून नाकाडीचं एक चाक काढून तिला अंगणात लाकडी ठोकळ्यांवर उभं केलं होतं. आणि त्याच आठवड्यात काकूचा जावई आला.

जावई तसा वाईट माणूस नाही. ओळखी फार, जीभ गोड, आणि कुणाचं अडलेलं काम सुटलं की त्याला स्वतःलाच आनंद होतो. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "घ्या आई. नाकाडी पास."

काकांचा चेहरा उजळला. मीही टाळी वाजवली. काकूने चष्मा लावून कागद पहिल्या ओळीपासून वाचला. ब्रेक समाधानकारक. स्टिअरिंग समाधानकारक. खाली कुणाची तरी सही, आणि तारीख कालची.

"काल नाकाडी कुठे होती?" तिने विचारलं.

"इथेच," जावई म्हणाला.

"तीन चाकांवर?"

"आई, गाडी न्यावी लागत नाही. तिथे दुसरा एक साहेब आहे, एजंटाच्या ओळखीचा. आतल्या आत होऊन जातं. सगळेच असं करतात."

"सगळेच?"

"सगळेच. तुम्हीच उगाच खेटे घालत बसलात."

आता ओरडेल म्हणून मी दाराकडे सरकले. काकू ओरडली नाही. तिचा आवाज उलट खाली गेला, आणि मला पहिल्यांदाच तिची भीती वाटली.

"म्हणजे रोज समोरून माझ्या अंगावर येणारे ते ट्रक," ती म्हणाली, "त्यांच्याही खाली कुणी पाहिलेलं नाही. त्यांनाही असेच कागद. आणि तुमची बायको, माझी लेक, त्याच रस्त्यावरून कामाला जाते. जावईबापू, तुम्ही मला मदत केली नाहीत. त्या रांगेत मान वर करून उभी होते मी. मला चोर करून टाकलंत."

"अहो, कागद झाला की झालं ना!"

"चहा घ्या आणि निघा," काकू म्हणाली. चहा अजून ठेवलेलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने चाक बसवून घेतलं, नाकाडी काढली आणि मला शेजारी बसवून थेट शेडमध्ये नेली. किसणीने नंबर पाहिला, आत जाऊन कॉम्प्युटर पाहिला आणि गोंधळून बाहेर आला. "ही पास झालीय. परत कशाला आणलीत?"

"कुणी पास केली ते विचारायला." तिने कागद त्याच्या छातीवर धरला.

त्याने वाचलं. त्याचे कान लाल झाले. तो तसाच आतल्या खोलीत गेला, दार लावलं, आणि त्या दारामागून जे ऐकू आलं ते रांगेतले सगळे इंजिनं बंद करून ऐकत होते. किसणीला इतका मोठा आवाज असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "माझ्या खड्ड्यावर नापास झालेली गाडी! न बघता!" दुसरा आवाज हसत होता. दार उघडून किसणी बाहेर आला.

"घ्या खड्ड्यावर," तो म्हणाला.

मला त्याने केबिनमध्ये बसवलं आणि स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे फिरवायला सांगितलं. मग काकूला म्हणाला, "तुम्ही खाली या. मी सांगून तुम्हाला पटणार नाही."

काकू लोखंडी पायऱ्यांवरून खाली उतरली. मी स्टिअरिंग फिरवत राहिले. नंतर तिनेच सांगितलं, की त्याने तिचा हात धरून त्या जोडावर ठेवला. मी स्टिअरिंग फिरवलं की दांडा आधी जोडातल्या जोडात खट्कन आपटायचा आणि मगच चाक हलायचं. आतली गोळी झिजून अर्धी झाली होती. रस्त्यावरच्या एखाद्या खोल खड्ड्यात चाक गेलं असतं तर दांडा निसटला असता, आणि स्टिअरिंग नुसतंच हातात राहिलं असतं. मागे काचा, समोर रस्ता.

 मग काकू म्हणाली, "हे आधी धड सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं होतं. तुम्ही ओरडत होतात."

ती वर आली. हात काळे, चेहरा त्याहून काळा. तिला कुणावर तरी तुटून पडायचं होतं आणि समोर फक्त खरं बोलणारा माणूस होता. "मग आता नापास लिहा," ती म्हणाली.

"लिहिता येत नाही. कॉम्प्युटरवर वर्षभरासाठी पास आहे. तुम्ही आत्ता चालवत घरी गेलात तरी मी अडवू शकत नाही."

"हा कसला कायदा?"

"तुम्ही तक्रार दिलीत तर कागद रद्द होईल," तो हळू आवाजात म्हणाला. "पण मग तो आणला कुणी, हेही विचारतील."

काकूने त्याच्याकडे पाहिलं, मग नाकाडीकडे. मग सरळ खिडकीपाशी गेली आणि त्या भोकाशी न वाकता, उभ्याउभ्याच एवढ्या मोठ्याने बोलली की आतला कारकून खुर्चीवरून उठला. "तक्रार लिहून घ्या. आणि बाहेर येऊन घ्या!"

नाकाडीचं नाक क्रेनला टांगून तिला ओढत घरी आणलं. सगळी रांग बघत होती. काकू वाटभर क्रेनच्या केबिनमध्ये खिडकीबाहेर बघत बसली होती.

संध्याकाळी ताई आली, काकूची लेक. "आई, त्यांना ऑफिसात बोलावलंय! एवढं काय बिघडलं होतं? तुझ्या रागापायी माझा संसार टांगायचा का?" काकू म्हणाली, "माझ्या रागापायी नाही, त्याच्या शहाणपणापायी." ताई रडत निघून गेली. काका तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेले आणि एकटेच परतले. त्या रात्री पहिल्यांदाच थंड डोक्याच्या काकांनी आवाज चढवला. "बरोबर असणं पुरत नाही गं! थोडं कमी बरोबर राहून चाललं नसतं का?"  काकू बराच वेळ भांडी आपटत राहिली.

जावयाला दोनदा जबाब द्यायला जावं लागलं, दंड झाला, बाकी काही नाही. त्या दुसऱ्या साहेबाला खड्ड्यावरून उचलून लायसन्सच्या खिडकीत बसवलं. तिथे तो आजही हसत बसलेला असतो. हे कळलं तेव्हा काकूने हातातला फोन फेकला. तो सोफ्यावर पडला म्हणून वाचला.

नाकाडीचा जोड बाजारात मिळतच नव्हता. लेथवाल्याने मोडक्या गोळीवरून माप घेऊन नवा करून दिला. पहिला काकूनेच परत केला, दुसरा बसला. घडीची चौकट आली. तिसऱ्या खेपेला किसणीने अर्धी सकाळ घेतली. शेवटी वायपर चालू करून म्हणाला, "डावीकडचं रबर फाटलंय."

मी डोळे मिटून घेतले. पण काकूने फक्त नाकातून एक श्वास सोडला, चालत बाजारात गेली आणि रबर घेऊन आली. किसणीने ते बसवलेलं पाहिलं, वायपर परत फिरवून बघितला आणि सही केली. "पुढच्या वर्षी लवकर या," तो म्हणाला. "दुपारी मला घाई होते."

"तुम्हाला?" काकू म्हणाली. "घाई?"

मला शपथेवर सांगता येणार नाही, पण तो हसल्यासारखा वाटला.

जावई मात्र वर्ष सरत आलं तरी घरी आला नाही. ताई एकटी यायची, बसायची, जायची. मग ताईच्या घराच्या मोठ्या खिडकीची काच तडकली. काकांनी नवी कापली. त्यांचा गुडघा धरला होता, म्हणून नाकाडीतून काकू आणि मीच गेलो. काच माणसाएवढी उंच. माझ्याच्याने दुसरी बाजू पेलेना. जावई दारात उभा होता. तो काही न बोलता पुढे आला आणि त्याने माझ्या हातातलं टोक घेतलं.

एवढी काच न बोलता नेताच येत नाही. "उचला," काकू म्हणाली. त्याने उचलली. "डावीकडे. हळू." तो हळू सरकला. "उंबरा आहे. मागे पाय बघा." "बघितला," तो म्हणाला. खिडकीत काच टेकवेपर्यंत दोघांनी एकमेकांच्या नजरेला नजर दिली नाही, पण एक शब्दही चुकवला नाही. ताई स्वयंपाकघरातून बघत होती.

"जेवून जा, आई," जावई म्हणाला.

ती जेवली. मिठापासून भातापर्यंत सगळ्याला नावं ठेवली. परतताना मी विचारलं, "गेला का गं राग?"

"कुणाचा? त्याचा?" काकूने गिअर टाकला. "छे! तो लायसन्सच्या खिडकीतला अजून हसतोय."