प्रॅक्टिस करतात

१२ जून. गच्चीवर गाद्या उन्हात टाकल्या आणि दोन लॉ कॉलेजांना फोन केले, एक सांगलीकडचं, एक सोलापूरकडचं. लेकीला त्यांतलं एक निवडायचंय. तुमची मुलं पुढे काय करतात, एवढंच विचारलं. दोन्हीकडून एकच उत्तर आलं, "प्रॅक्टिस करतात, मॅडम."

शेजारच्या गच्चीवर त्यांच्या मुलाचा वकिलीचा काळा कोट वाळत होता. तो मुलगाही प्रॅक्टिसच करतो; पेट्रोल आई भरून देते. गर्दीचं ऑफिस आणि रिकामी खुर्ची, दोन्हींना हाच शब्द. चीड येते ती त्याचीच.

"मग ठरवायचं कशावरून, आई?" लेकीने विचारलं.

१३ जून. सकाळी तिला घेऊन कोर्टात गेले. समोर आलेल्या पहिल्याच तरुण वकिलाला विचारलं, "कॉलेज कुठलं? आणि भागतं का?"

तो हसला. "कॉलेज सांगतो, काकू. दुसरं माझ्या आईला विचारा."