तो मासा मी नेला नाही

“हृदय कुठं आहे?” विभागप्रमुखांनी विचारलं.

“बादलीत आहे जी,” मी म्हणाले.

सगळी प्रयोगशाळा हसली. नागपूरची मुलं हसली, पांढऱ्या कोटातल्या मॅडम हसल्या, शिपाईही हसला. माझ्यापुढच्या ट्रेमध्ये रोहू पडला होता. खवले काढलेला, कल्ले ओढलेले, पोट रिकामं. कढईत टाकायचंच काय ते बाकी होतं.

ती निवड चाचणी होती. आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या साकोलीच्या कॉलेजात बीएस्सीचं पहिलं वर्ष झालं की नागपूरला रक्ततपासणी शिकवणाऱ्या वैद्यकीय विज्ञानाच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात जाता यायचं. जाता यायचं म्हणजे तसा नियम होता. गेलेलं कोणी आम्ही पाहिलं नव्हतं.

मला तिथं जायचं होतं ते भावासाठी. त्याला सिकलसेल, रक्ताचा आजार. हाडं आतून कोणी पिळल्यासारखी दुखायची, रडून थकला की झोपायचा. त्याचं रक्त तपासायला नागपूरला जायचं आणि अहवाल यायचा तोवर दुखणं येऊन गेलेलं असायचं. त्याच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली मला स्वतः बघायची होती. आमच्या गावाजवळ, आमच्या माणसांसाठी. एवढंच मागणं होतं.

आता माशाचं सांगते. मासा उघडून हृदय जागच्या जागी दाखवायचं होतं. प्रश्न मी वाचला होता, समजलाही होता. पण आम्ही ढिवर. माय सानगडीच्या बाजारात मासे विकते आणि मी कळायला लागल्यापासून तिच्या बाजूला बसून मासे साफ करते. आमच्यात मासा हातात आला की आधी खवले, मग कल्ले, मग पोट. पित्त फुटू द्यायचं नाही, घाण लांब टाकायची. समोर एवढे कोट पाहून डोकं बधिर झालं आणि हातांनी घरचं काम उरकलं. कल्ल्यांसोबत हृदयही ओढून निघालं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

चूक माझीच होती. नापास करायचं, करून टाकायचं. मी निमूट घरी गेले असते.

“घरी काय करतात?” त्यांनी विचारलं.

“बाप तलावात मासे धरते जी.”

“वाटलंच. असे येतात, आणि यांच्यातून आम्ही शास्त्रज्ञ काढायचे.” मग शिपायाकडे वळून म्हणाले, “बांधून दे रे हिला. जाताना घेऊन जा गं. आईला सांग, सरांनी रश्श्यासाठी दिला.”

शिपायाने खरंच मासा वर्तमानपत्रात बांधला. माझ्या हातात दिला. मी घेतला. मोठ्या माणसानं दिलं की दोन्ही हातांनी घ्यायचं, हे अंगात मुरलेलं होतं.

दारात आमचे सर उभे होते. तासिकेवर शिकवायचे, आमच्यासारख्याच वस्तीतून वर आलेले. हा प्रवेशाचा रस्ता त्यांनीच शोधला होता. दरवर्षी पोरांना एसटीत बसवून आणायचे आणि या दारात ताटकळायचे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत आले, वाकले, हात जोडले.

“माफ करा जी. लेकरू घाबरलं.”

हसणं मी सोसलं होतं. ते जोडलेले हात मला सोसवेनात.

बाहेर व्हरांड्यात माझ्यासोबत आलेली शेवंता होती. एकोडीची, गोंडाची पोर. तिनं हृदय बरोबर दाखवलं होतं, नख न लावता. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. सर मला हळूच म्हणाले, “राग नको धरू बाई. पाण्यात राहून माशासंग वैर नाही करत.”

मला त्याही वेळी हसू आलं. ढिवराच्या पोरीला ही म्हण सांगत होते.

“सर, मी हे नाही नेत.”

“मंग ठेव कुठं कोपऱ्यात. चूपचाप.”

कोपऱ्यात ठेवलं असतं तर निभलं असतं. मी आत गेले. कागदातून पाणी गळत होतं, माझ्या ओढणीला वास लागला होता. विभागप्रमुख चहा पीत होते. त्यांच्या टेबलावर, कपाच्या शेजारी, मी मासा ठेवला.

“हा तुमचा आहे जी. मी परीक्षा द्याले आली होती. मच्छी न्याले नाही.”

कोणी हसलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्या मागे आलेल्या सरांना विचारलं, “नाव काय हिचं?”

सरांनी सांगितलं. पूर्ण, बापाच्या नावासकट. त्यांना तरी दुसरं काय करता आलं असतं, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, या खोलीत माझं असं कोणीच नाही.

संध्याकाळी यादी लागली, निवड झाली नाही. माझी नाही, शेवंताचीही नाही. परतीच्या गाडीनं लाखनी मागे टाकली. मग मीच म्हटलं, “माह्यामुळं तुहं गेलं.”

शेवंता खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तुले उगाच मोठेपण नको. तू नसती बोलली तरी हेच होतं. मले तर त्यायनं पाहलंच नाही.”

त्या वाक्यानं माझी जी काही आशा होती ती संपली. मी चुकले म्हणून गेलं, असं धरून बसता आलं असतं. ती चुकली नव्हती.

शेवंताचं लग्न झालं. आता धानाच्या रोवण्याच्या दिवसांत ती चिखलात वाकलेली असते आणि मी साकोलीला त्याच कॉलेजात, तासिकेवर. सरांनी वयामुळं शिकवणं सोडलं. भाऊ आहे. थंडीत सांधे धरून बसतो. त्याचं रक्त अजून लांबच जातं.

पोरांना नागपूरला मीच नेते आता. ढिवरांची, गोंडांची, बौद्धवाड्यातली. तलावावरून मासे आणते आणि त्यांच्याकडून उघडून घेते. ढिवराचं पोर असलं की हात हमखास आधी खवल्यांवर जातो. मी मनगट धरते. सांगते, “थांब. हे घर नाही.” पोरं शिकतात. तरी निवडीत लागत नाहीत. एक पोरगी लागली होती. वर्ष संपायच्या आत पेटी घेऊन परत आली. काय झालं विचारलं तर म्हणाली, “काही नाही मॅडम. मी जेवाले बसली का बाकीच्या उठत.” मी तिला परत जा म्हणू शकले नाही.

लोक म्हणतात, काहून नेता मग? कायले पोरांना आस लावता?

आस मी लावत नाही. गाडीत बसण्याआधीच सांगते, बहुतेक रिकाम्या हातानं येऊ. यंदाही दोघींना नेणार आहे. हृदय जागच्या जागी कसं ठेवायचं ते त्यांना पक्कं येतं. दुसरी गोष्टही बजावून ठेवली आहे. चुकलं तर चुकलं म्हणा. बांधून दिलेलं काही घेऊ नका. आणि मागे वळून माझ्याकडे पाहा. मी दारातच उभी असेन. माझे हात जोडलेले दिसणार नाहीत.