तोरणमाळचा नवा काठ

नंदुरबारहून सकाळच्या एसटीने निघालो तेव्हाच मनाशी म्हटलं, बघू या तर खरं, काय दिवे लावलेत ते! तोरणमाळच्या तलावाचा सरकारी पैशातून कायापालट झालाय, असं जो तो सांगत होता. मी पडलो मिरचीचा व्यापारी. वरची मिरची लालभडक दिसली की माझा हात आपोआप ढिगाच्या तळाशी जातो.

शहाद्याला जीप ठरवली. चालक सुरेश घाटाच्या वळणावरही एका हाताने गाडी हाकत होता आणि मी जीव मुठीत धरून बसलो होतो.

"काका, काही चिंता करू नका. रोजना रस्ता शे मन्हा," तो म्हणाला. (माझा रोजचा रस्ता आहे. हे पुण्याच्या वाचकांसाठी.)

वर पोचलो. हवा गार, तलाव तुडुंब. क्षणभर जीव सुखावला. मग काठाकडे लक्ष गेलं. रंगीत फरशा, स्टीलचे कठडे, दिव्यांचे खांब. एक खांब हलवून पाहिला, तर चक्क हलला! फलकावर नव्या पायवाटेची लांबी लिहिली होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी पावलं मोजत निघालो आणि आकडे वहीत टिपू लागलो.

पायवाटेच्या टोकाला बांबू-ताडपत्रीची टपरी होती. एक पावरा आदिवासी बाई निखाऱ्यावर मक्याची कणसं भाजत होती. एवढ्या नव्या बांधकामात हिची टपरी बरी राहिली! नक्की ठेकेदाराची ओळख असणार.

"मावशी, नाव काय तुमचं?"

"रुमलीबाई."

"इथं बसायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पहिल्यापासून बसते."

"काही कागद आहे का?"

सगळ्यात मोठं कणीस निवडून, मीठ-मिरची चोळून तिने माझ्या हातात दिलं. पैसे पुढे केले तर म्हणाली, "राहू द्या साहेब."

फुकट? कुठंतरी पाणी मुरतंय, मी ओळखलं. तेही वहीत लिहिलं.

मग सीताखाईची दरी पाहायला गेलो. तासाभराने परतलो, तर टपरी गायब! रुमलीबाई बांबूंची मोळी बांधत होती.

"तुम्ही पावलं मोज्यात, वही काढी, नाव इचारं," तिच्याशी बोलून आलेला सुरेश हळूच म्हणाला. "तिले वाटनं, टपरी हटाडाले सायेब उना." (टपरी हटवायला साहेब आला.)

माझं धाबंच दणाणलं. पळत गेलो.

"अहो मावशी, मी कसला साहेब! नंदुरबारचा मिरचीवाला आहे मी. लावा परत टपरी, मी बांबू धरतो."

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मग एवढं विचारलं कशाला?"

लाज वाटली मला, मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी एक बांबू उचलून खड्ड्यात रोवायला गेलो. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"राहू द्या. उद्या खरा साहेब येईल, मग परत कोण काढेल?"

मोळी डोक्यावर घेऊन ती पाड्याच्या (वस्तीच्या) वाटेने चालू लागली. एकदाही मागे वळली नाही.

घाट उतरताना सुरेश काहीबाही बोलत होता, माझं लक्ष नव्हतं. ज्या ठेकेदारांना, साहेबांना जाब विचारायला गेलो होतो, त्यातला एकही मला दिवसभरात भेटला नाही. भेटली ती रुमलीबाई, आणि तिलाच मी उठवून आलो.