खाऱ्या विहिरीचं सलाईन

दोनदाभाऊ कुठलीही गोष्ट एकदा करत नसत. अकोल्याच्या आमच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. पटकीच्या रोग्यांना शिरेतून द्यायचं सलाईन तेव्हा तिथंच तयार होई. भाऊ मीठ दोनदा तोलत, वाफेपासून काढलेलं शुद्ध पाणी दोनदा गाळत, आणि बाटली उजेडात धरून न्याहाळत ते वेगळंच. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

मी पुण्याहून आलेला नवाकोरा डॉक्टर. मला त्यांची गंमत वाटे. एकदा विचारलं, "भाऊ, घरी वरणातलं मीठही असंच तोलता का?"

"वरनात बायकोच टाकते, साहेब. मी टाकलं तं लेकरं उपाशी झोपतीन. पन वरन खारट झालं तं मानूस ताट सारते. शिरेतलं सारता येते काय?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

त्या उन्हाळ्यात खारपाणपट्ट्यातल्या एका गावात पटकी आली. आम्ही शाळेतच खाटा मांडल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी शुद्ध पाणी संपलं. अकोल्याहून बैलगाडी निघाली होती, दुपारपर्यंत येणार होती. इकडे एका तरुण बाईची नाडी बारीक होत चाललेली. मी भाऊंना विहिरीचं पाणी उकळून सलाईन करायला सांगितलं.

"उकयल्यानं जंतू मरतीन, साहेब. खार कुठी जाईन? इथलं पानी आधीच खारं. त्यात मीठ किती टाकाव, कोन सांगन? नाडी हाय अजून. घोट घोट पाजत राहू. गाडी येऊनच राहिली."

"डॉक्टर मी आहे," मी म्हणालो.

त्यांनी हात लावायला साफ नकार दिला. मग मीच घाईघाईनं मीठ मिसळलं आणि सलाईन लावलं. थोड्याच वेळात बाईला हुडहुडी भरली, पाठोपाठ झटके आले. गाडी शाळेच्या दारात थांबली तेव्हा बाई गेलेली होती.

चौकशीत मोठ्या साहेबांनी विचारलं, सलाईन कुणी केलं? मी म्हणालो, "सलाईन कंपाउंडर तयार करतात." वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर मी ते निवडलं. भाऊ समोरच उभे होते. "म्या नाई केलं, साहेब," एवढंच म्हणाले. पण डॉक्टरपुढे कंपाउंडरचं कोण ऐकणार? त्यांची नोकरी गेली.

ते पातूरला भावाच्या मळ्यात राबू लागले. काही वर्षांनी अकोल्याच्या बाजारात वांगी विकताना दिसले. मला पाहून त्यांनी चांगली चांगली वांगी निवडायला घेतली. शेजारचा विक्रेता हसत म्हणाला, "पाहून घेजा, साहेब. हा कंपाउंडर होता. याच्या हातानं एक बाई मेली."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोलण्याची वाटच पाहत होते म्हणा ना. मी वांगी पिशवीत घेतली आणि चालू लागलो.

परवा ते वारल्याचं कळलं. आता खरं ठाऊक असलेलं दुसरं कुणी नाही, म्हणून आधी मला हायसं वाटलं. लाज त्यानंतर वाटली.