संघप्रिया कुरणे आणि दुसरी पोळी

उचगावात कुरण्यांच्या घरी कुणी कुणाशी भांडत नसे, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला तसं वाटे. यल्लाप्पा कुरणे उद्यमनगरात लोखंड ओतण्याच्या कारखान्यात कामाला. तिथल्या खडखडाटात तयार झालेला गळा ते संध्याकाळी तसाच्या तसा घरी आणत. त्यांच्याशी बोलायचं म्हणून त्यांच्या बायकोनं, शेवंताबाईंनी आवाज चढवला, आणि दोघांच्या वर आपलं म्हणणं जावं म्हणून त्यांच्या मुलीनं. ही मुलगी संघप्रिया. तिनं जेवताना आईकडं मीठ मागितलं, तर शेजारच्या चिमणाबाई वाटी घेऊन दारात यायच्या.

अशी ही संघप्रिया शहाण्णव साली कोल्हापूरच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला गेली, आणि पहिल्याच सत्रात तिची गाठ कॅल्क्युलसशी पडली. गाठ पडली ती पुजारी सरांमार्फत. नृसिंह पुजारी मूळचे नृसिंहवाडीचे. देह उदबत्तीसारखा आणि आवाज तिच्या धुरासारखा. पहिल्या बाकावरच्यांनाही वाटायचं, सर खडूशी काहीतरी खासगी बोलतायत.

सरांनी सांगितलं, "एक्स शून्याकडं सरकतो. जवळ, आणखी जवळ. पण शून्य होत नाही."

मागच्या बाकावरून कारखान्याचा भोंगा वाजावा तसा प्रश्न आला. "का होत न्हाय, सर?"

"होत नाही. नुसता जवळ जातो."

"मग जातोय कशाला? आमच्याकडं निघालेला माणूस पोचतोय की!"

वर्ग टेबलं बडवायला लागला. सरांनी दुसरं उदाहरण काढलं. बस दसरा चौकातून जाते, त्या नेमक्या क्षणी तिचा वेग किती?

"क्षणात बस हलंल किती, सर? जाग्यावरच की ती. म्हंजे वेग न्हाईच."

खरं सांगायचं तर या शंकेपायी पूर्वी मोठमोठ्या लोकांची झोप उडालेली आहे. पण त्या वर्गात तिचं स्वागत शिट्ट्यांनी झालं, आणि संघप्रिया विजयी मुद्रेनं खाली बसली. एकटी पडल्यावर मात्र ती खचायची. बारावीपर्यंत गणित तिच्या मुठीत होतं. आता ते पुस्तकात समोर दिसे आणि हात लावला की निसटे.

चाचणीत तर कहर झाला. गणित सोडवता सोडवता वर शून्य आलं आणि खाली शून्य आलं. असं झालं की थांबायचं आणि दुसरा रस्ता धरायचा, हे सरांनी खडूला बरेचदा सांगितलं होतं. पण कोल्हापूरच्या हवेत वाढलेल्या पोरीला दोन सारखेच गडी समोरासमोर दिसले की पुढचं कळतंच. तिनं शुद्ध मराठीत लिहिलं, "दोघांची पाठ एकदम टेकली, सबब कुस्ती बरोबरीत. उत्तर एक." सर पेपर हातात धरून बराच वेळ हसले, मग उदास झाले, आणि त्यांनी तिला नापास केलं.

नेमक्या त्याच आठवड्यात डी.एड.च्या दुसऱ्या यादीत तिचं नाव लागलं. त्या काळात डी.एड. म्हणजे मास्तरकी नक्की, असं घरोघरी मानत. यल्लाप्पांनी कारखान्यात पेढे वाटले. संघप्रिया म्हणाली, "मी जात न्हाई. मला हे कॅल्क्युलस काय हाय ते कळाय पायजे."

"नापास झालीस न्हवं?"

"म्हणून तर!"

प्रवेशाची मुदत सोमवारपर्यंत होती. डी.एड. सोडलं तर नोकरी हातची जाणार, आणि धरलं तर गणित कायमचं जाणार. घरात शनिवारपर्यंत बोलाचाली झाली. म्हणजे ती सगळ्या आळीनं ऐकली. शेवटी यल्लाप्पांनी ठरवलं, की पोरगी आपलं ऐकत नाही, पण सरांचं ऐकेल. ते कॉलेजात जाऊन सरांना भेटले.

"सर, रविवारी आमच्यात जेवाय या. आन् तेवढं पोरीला सांगा, गणित सोड म्हणून."

सरांनी एकच अडचण सांगितली. "मी फार खात नाही."

"ते बघू की!" यल्लाप्पा म्हणाले. ही धमकी असते, हे वाडीच्या माणसाला ठाऊक नसावं.

रविवारी पुरणपोळीचा बेत होता. सर आले, यल्लाप्पांच्या शेजारी पाटावर बसले, ताटाकडं पाहून हबकले. संघप्रिया भिंतीला टेकून उभी. सर काय सांगायला आलेत ते तिला माहीत होतं, आणि चाचणीनंतर सरांचंही मत तेच झालं होतं. जेवण झालं की सांगायचं, एवढंच बाकी होतं.

आता आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी. पाहुण्याचा नकार इथं ऐकू येत नाही. "नको" म्हणणाऱ्याच्या ताटात पोळी पडतेच. "निम्मी" हा एकच शब्द चालतो, कारण त्यात दोन्हीकडची अब्रू राहते. आणि पाहुण्यानं दोन पोळ्या तरी संपवल्याच पाहिजेत, हा शेवंताबाईंचा कायदा.

सरांनी पहिली पोळी कशीबशी संपवली. शेवंताबाई दुसरी घेऊन आल्या.

"निम्मी," सर म्हणाले.

निम्मी पडली. ती संपली. शेवंताबाई उरलेला अर्धा तुकडा घेऊन उभ्याच.

"याच्या निम्मी," सर काकुळतीला आले.

पाव पडली. मग पावाच्या निम्मी. मग तिच्याही निम्मी. शेवंताबाई मोठ्या प्रामाणिक. निम्मं म्हटलं की निम्मंच तोडायच्या, आणि तेवढंच हातात राहायचं. पण राहायचं! त्या वैतागल्या.

"अवो सर, असं केल्यावर दुसरी पोळी कवा संपायची?"

"न्हाईच संपायची!" भिंतीकडून संघप्रिया ओरडली. "आई, अशा हिशोबानं सर जल्मात दोन पोळ्या खाईत न्हाईत."

आणि ती गप्प झाली. त्या घरात गप्प झालेलं माणूस म्हणजे आजारीच, म्हणून तिघंही तिच्याकडं बघायला लागली.

"पर दोनाच्या आत थांबत बी न्हाईत," ती हळू म्हणाली. "आई, दोनाला किती कमी म्हणतीस? घासभर? घासाच्या पुढं मी सरांना नेतो. मुंगी उचलंल तेवढं कमी? त्याच्या बी पुढं नेतो. तू म्हणशील त्याच्या पुढं! दोनाच्या पलीकडं कवाच जाणार न्हाईत, आन् अलीकडं कुठंच राहणार न्हाईत. मग ते निघालेत कुठं? दोनाकडंच की! पोचायची गरजच न्हाई, सर. न पोचता बी कळतंय, कुठं निघालंय ते!"

सरांच्या बोटांत पोळीचा कण तसाच राहिला.

"आन् ती बस," संघप्रिया भिंत सोडून पुढं आली. "निम्म्या वेळात बघायची, मग त्याच्या निम्म्या, मग त्याच्या निम्म्या. वेळ संपत जाईल, अंतर संपत जाईल, पर वेग संपत न्हाई. तो एका आकड्याकडंच सरकतोय. म्हंजे थांबलेल्या क्षणात बी तिचा वेग हाय! आतच हाय!"

अंगावर काटा आलेला माणूस कसा दिसतो ते पाहायचं असेल, तर पुजारी सरांना त्या वेळी पाहायला हवं होतं. हे सगळं ते वर्षानुवर्षं शिकवत आले होते. पण असं समोर ताटात दिसलं ते पहिल्यांदाच.

"पोट भरलं का न्हाई, तेवढं सांगा," शेवंताबाई म्हणाल्या.

यल्लाप्पांनी घसा खाकरला. "सर, ते डी.एड.चं सांगताय न्हवं?"

"सांगायलाच आलो होतो," सर म्हणाले. "आता नाही सांगवत."

"ह्यात नोकरी लागतीया?"

"ठाऊक नाही. खोटं कशाला बोलू?"

"म्हंजे आमच्या पोळ्या फुकट गेल्या म्हणा की!" यल्लाप्पा गरजले.

पुढचं सरळ आहे. संघप्रिया सत्र परीक्षेत पास झाली, एम.एस्सी. झाली, आणि दोन हजार चारपासून कुरणे मॅडम कॉलेजात तळमजल्यावर शिकवतात ते वरच्या मजल्यावरची मुलंही उतरवून घेतात.

पण सांगण्यासारखा आहे तो त्या सोमवारचा दिवस. डी.एड.ची मुदत संध्याकाळी संपणार होती. यल्लाप्पा कामावर गेलेच नाहीत. दिवसभर ओट्यावर बसून होते. संघप्रिया कॉलेजातून आली तेव्हा कचेऱ्या बंद झाल्या होत्या. ती शेजारी बसली.

यल्लाप्पा म्हणाले, "मला बी दाखव एकदा. काय बघितलंस ते."

तिनं अंगणात काडीनं रेघ ओढली. निम्मी केली, तिच्या निम्मी, तिच्या निम्मी. काडीचं टोक जाड पडायला लागलं तशी थांबली आणि म्हणाली, "इथनं पुढं डोळ्याला दिसत न्हाई, आप्पा. पर हाय."

यल्लाप्पा आधी रेघेकडं वाकून बघत राहिले, मग पोरीच्या तोंडाकडं.

"मला काय कळलं न्हाई बघ," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली आला होता, की चिमणाबाईंना काही ऐकू गेलं नाही. "पर तू बघतीयास तिकडं कायतरी हाय, एवढं कळलं. जा तू."