तळमजल्याचे तास

आमच्या शाळेचं वेळापत्रक अठरा वर्षं मी केलं. मे महिन्यात घरच्या जेवणाच्या टेबलावर मोठा पुठ्ठा पसरायचा, त्यावर खोल्यांचे रकाने पेनाने आखायचे, मग प्रत्येक शिक्षकाच्या रंगाच्या चिठ्ठ्या कापून त्या टाचण्यांनी अशा लावायच्या की एकाच तासाला एक बाई दोन वर्गांत सापडू नये. या कामाचा मला भारी गर्व होता. इतर शाळांत जूनभर गोंधळ चालतो. आमच्याकडे पहिल्या दिवशी पहिल्या तासाची घंटा झाली की प्रत्येक वर्गात शिक्षक हजर असत. घरचे लोक तो महिना ताटं मांडीवर घेऊन जेवत आणि मला नावं ठेवत.

पुठ्ठ्यावर सगळ्यांत आधी निळ्या चिठ्ठ्या लागत. त्या तिच्या. ती गणित शिकवायची. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिच्या डाव्या पायाला कॅलिपर होता आणि काखेत कुबडी. आमची शाळा कांजूरमार्गची, दोन मजली, लिफ्ट नसलेली. तळमजल्यावर पाचवी-सहावी, पहिल्यावर सातवी-आठवी, शिक्षकांची खोली आणि मुख्याध्यापकांचं ऑफिस, दुसऱ्यावर नववी-दहावी. तिला जिना नको म्हणून मी तिला कायम पाचवी-सहावी देत असे. तिच्याइतकं गणित आमच्यात कुणालाच येत नव्हतं. दहावीच्या पेपरात काही अडलं की आम्ही ते घेऊन खाली तिच्याकडेच जायचो. दहावीचा वर्ग मात्र तिला कधी मिळाला नाही.

रिकाम्या तासाला ती तळमजल्यावरच्या वाचनालयात बसे. तिचा चहा शिपाई वरून नेऊन देई. शाळेचे सगळे निर्णय वरच्या खोलीत चहा पिता पिता होत. तिच्यापर्यंत चहा तेवढा पोचायचा. सहलीच्या यादीत तिचं नाव आम्ही घालतच नसू. या सगळ्याचं आम्हाला स्वतःचं कौतुकच होतं. किती सांभाळून घेतो हिला, असं आम्ही एकमेकींना सांगत असू. मी तर तिची खास मैत्रीण. दोघींची घरं कोकणातली, दोघींचे वडील गिरणीत, आणि ती शाळेत लागली माझ्या सहा महिने आधी.

त्या सहा महिन्यांमुळेच पुढचं सगळं घडलं. मुख्याध्यापक निवृत्तीला आले तेव्हा ज्येष्ठता यादीत पहिलं नाव तिचं होतं आणि दुसरं माझं. आमच्यासारख्या अनुदानित शाळेत मुख्याध्यापकपद ज्येष्ठतेने मिळतं. ज्येष्ठ शिक्षकाला ते नको असेल तर त्याने स्वखुशीने हक्क सोडल्याचं सहीचं पत्र द्यायचं, मग पुढच्याचा नंबर. संस्थेच्या चिटणिसांनी मला बोलावून घेतलं. त्यांना कशाला या वयात दगदग, तुम्ही मैत्रीण आहात, तुम्हीच समजवा, असं म्हणाले आणि त्या पत्राचा कच्चा मसुदा माझ्यापुढे सरकवला. भाषा फारच ओबडधोबड होती. मी तो घरी नेला आणि माझ्या अक्षरात नीट लिहून काढला. 'प्रकृतीच्या कारणास्तव' हे शब्द माझे. मला ती खुर्ची हवी होती, हेही इथे सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी वाचनालयात गेले. तिने चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं.

"माझ्या प्रकृतीला काय झालंय गं?" तिने विचारलं. "मागच्या वर्षी महिनाभर रजेवर तू होतीस."

ते खरं होतं. मला डेंग्यू झाला होता. मी सारवासारव करायला गेले. तुला त्रास नको म्हणूनच हे चाललंय, म्हणून तर इतकी वर्षं तुला खालचे वर्ग दिले, असं काहीबाही बोलले. तिने चष्मा काढला. शाळेत ती कधी मालवणी बोलत नसे.

"माका कधी इचारलंस?"

मला राग आला. हिच्यासाठी इतकं केलं आणि हिला त्याचं काहीच नाही, असं मनात आलं. तिने सही केली नाही. पत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि सहावीच्या तासाला निघून गेली.

आठवड्याभरात संस्थेने शिक्षण निरीक्षकांना कळवलं की ज्येष्ठ शिक्षिका या पदाला योग्य नाहीत. एक तर त्या वरच्या मजल्यांवर देखरेख करू शकत नाहीत, आणि दुसरं म्हणजे नववी-दहावीला शिकवण्याचा त्यांना एका दिवसाचाही अनुभव नाही. हे दुसरं कारण वाचून मी मागचे कागद उलटले. पुरावा म्हणून अठरा वर्षांची वेळापत्रकं जोडली होती, प्रत्येकाखाली माझी सही.

तिने लेखी हरकत घेतली आणि निरीक्षकांनी सुनावणी लावली. तिथे आम्ही दोघी एकाच रिक्षाने गेलो. अबोला होता, पण कुबडी घेऊन रिक्षात चढताना तिची पर्स कुणीतरी धरावी लागते आणि ते काम नेहमीच माझं. विक्रोळीपर्यंत आम्ही ट्रॅफिकबद्दल बोललो. पुढे तेही नाही.

निरीक्षकबाईंसमोर ती थोडंच बोलली. केवळ अपंगत्वामुळे कुणाची बढती नाकारता येत नाही, आणि काम करता यावं म्हणून लागेल ती वाजवी सोय शाळेने करून द्यायची असते, असं कायदा सांगतो. ते तिने वाचून दाखवलं. मुख्याध्यापकांचं ऑफिस तळमजल्यावर आणा, एवढीच तिची मागणी होती. चिटणीस म्हणाले, आम्ही त्यांच्याच भल्यासाठी बोलतोय. आता पर्समधून माझ्या अक्षरातलं पत्र बाहेर येणार म्हणून मी वाट बघत होते. ते आलं नाही. निरीक्षकबाईंनी वेळापत्रकं चाळली आणि माझ्याकडे वळल्या.

"मला खालचेच वर्ग द्या, असं यांनी कधी मागितलं होतं?"

हो म्हटलं असतं तर खुर्ची माझी होती. चिटणीस माझ्याकडे बघत होते. ती बघत नव्हती. कुबडीच्या रबराला चिकटलेलं काहीतरी नखाने काढत होती.

"नाही," मी म्हटलं. "मी कधी विचारलंच नाही. मी आपलं ठरवून टाकलं."

याला धाडस लागलं असं कुणी समजू नये. मला लाज वाटत होती आणि त्या लाजेतून सुटायला तेवढं एकच उत्तर होतं. चिटणीस त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. परतताना रिक्षात तिने विचारलं, सहावीच्या चाचणीचे पेपर झेरॉक्सला गेले का. मी म्हटलं, गेले.

महिन्याभराने तिच्या नावाचा आदेश आला. तळमजल्यावर ढाली, करंडक आणि मोडकी बाकं भरलेली एक खोली होती. ती रिकामी करून तिथे मुख्याध्यापकांचं टेबल लावलं. ही खोली तिथे आहे हे आम्हा सगळ्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं. ते पत्र तिने मला अजून परत दिलेलं नाही, आणि मीही मागितलेलं नाही.

मे महिन्यात मी पुठ्ठा घेऊन तिच्याकडे गेले. मुख्याध्यापकांनाही आठवड्याचे काही तास घ्यावे लागतात. निळ्या चिठ्ठ्या कुठे लावू, असं मी तिला विचारलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

"दहावी अ," ती म्हणाली.

दहावी अ दुसऱ्या मजल्यावर आहे, याची मी तिला आठवण करून दिली.

"मग दहावी अ खाली आण. पाचवीला वर जाऊ दे, त्यांचे पाय चांगलेत."

मी पुठ्ठ्याकडे बघत राहिले. चिठ्ठ्या टाचण्यांनी लावलेल्या होत्या, त्या मी हजारदा हलवल्या होत्या. खोल्या पेनाने लिहिलेल्या होत्या. त्याही हलवता येतात, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

जूनमध्ये पहिल्या दिवशी प्रार्थना झाल्यावर दहावी अची मुलंमुली दप्तरं उचलून खाली आली. पाचवीची पोरं दुसरा मजला मिळाला म्हणून खूष होऊन धावत वर गेली. मी जिन्यात घड्याळ बघत उभी होते. दहा मिनिटं लागली.